हिरव्या कार्डाची रांग

आईच्या फॉर्मवर ‘तंबाखूचं सेवन’ या ओळीपुढे ‘नाही’ असं मी लिहिलं. तिला न विचारता लिहिलं. ती माझ्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पदराने वारा घेत होती आणि तिच्या मागे रांग होती. विचारायला दोन सेकंद लागले असते. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

हे लिहिताना मी कुणालाच सोडणार नाही, स्वतःला तर अजिबातच नाही.

मी पत्रकं लिहायचे. तंबाखूविरोधी काम करणाऱ्या आमच्या छोट्या गटात सात-आठ जण होते, पण लिहायला मीच. सगळं हिंदीतून, कारण शहर हिंदी बोलणारं. ओमतीच्या एका प्रेसमध्ये छापून घ्यायचं आणि गढ्याच्या गल्ल्यांतून, मदन महल स्टेशनबाहेर, शाळांच्या फाटकांपाशी वाटायचं. पत्रकाची एक शिस्त असते. वाक्य लहान पाहिजे, अक्षर मोठं पाहिजे, आणि ‘कदाचित’ हा शब्द कुठेही यायला नको. कदाचित म्हटलं की माणूस कागदाची पुडी करून त्यात शेंगदाणे भरतो. मी या शिस्तीत तयार झाले. बोलायलाही तशीच लागले होते, घरात, नातेवाइकांत, सगळीकडे. बाबा म्हणायचे, “हिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवरचं पोस्टर वाचणं.”

बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले. अप्रेंटिस म्हणून लागले तेव्हापासून तळहातावर तंबाखू-चुना. माझी पहिली सगळी पत्रकं खरं तर त्यांच्यावरच होती. पानठेल्यावर उभा असलेला पुरुष, पिचकारी मारणारा पुरुष, गालात गोळी दाबून बसलेला पुरुष. चित्रं काढणारा आमचा मित्र दर वेळी मिशीवाला माणूस काढायचा आणि मला त्यात कधी काही चुकीचं दिसलं नाही.

आमच्यासारखी भंडारा-गोंदियाकडून आलेली जी घरं इथे आहेत, त्यांतल्या बऱ्याच बायका सकाळी गुडाखू करतात. तंबाखूची भुकटी, गूळ, चुना असं मळून केलेला काळा लगदा असतो तो. बोटावर घ्यायचा आणि दातांना, हिरड्यांना घासायचा. पण आमच्या घरात गुडाखू हा शब्द नव्हता. आमच्याकडे ते ‘मंजन’ होतं. आजी करायची, आई करते. दुकानातून आणलं की आई ते क्रीमच्या जुन्या डबीत भरून ठेवायची, कारण मूळच्या डबीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं आणि सकाळी सकाळी ते पाहायला तिला आवडायचं नाही. मागच्या अंगणात पायरीवर बसायची, बोट फिरवायची, मग डोळे मिटून दहा मिनिटं तशीच. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. दिवसभरात तिची म्हणून तेवढीच दहा मिनिटं होती. मी त्या पायरीवरून तिला ओलांडून कॉलेजला गेले आहे, हातात तंबाखूविरोधी पत्रकांचा गठ्ठा घेऊन.

मग ती संशोधनाची गोष्ट आली.

शहरातल्या एका प्रयोगशाळेत तोंडाच्या कॅन्सरवर काम चाललं होतं. तिथली संशोधक, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, सगळे तिला दीदीच म्हणायचे, आमच्या गटाकडे आली. तिला वस्तीतल्या लोकांची लाळ आणि रक्त हवं होतं, आणि वस्तीत आम्हाला ओळखत होते. चहा पिता पिता तिने समजावलं. प्रत्येक पेशीत जनुकांचे हुकूम सुटत असतात. त्यांतला कुठला चालू द्यायचा आणि कुठला दाबायचा, हे ठरवण्यात मायक्रोआरएनए नावाच्या इवल्या तुकड्यांचा हात असतो. जेमतेम वीस-बावीस अक्षरांचा एक तुकडा. पेशी बिघडायला लागली की या तुकड्यांचं प्रमाण बदलतं, काही वाढतात, काही घटतात. आणि ते चिवट असतात, रक्तात, लाळेत टिकून राहतात. म्हणजे गाठ डोळ्यांना दिसायच्या आधीच तिची खूण थुंकीत सापडू शकेल. त्यासाठी तीन प्रकारच्या माणसांची तुलना करायची: कॅन्सरचे रुग्ण, तंबाखू खाणारे पण अजून धड असलेले, आणि तंबाखूला हातही न लावणारे निरोगी लोक.

मी तिथल्या तिथे पत्रक लिहिलं. ‘थुंकीचा एक थेंब कॅन्सर पकडेल.’

दीदीने वाचलं. “ऐसा मत लिखो. ये अभी रिसर्च है, जाँच नहीं. किसी को रिपोर्ट नहीं मिलेगी.”

“मग काय लिहू?”

“लिखो कि आगे चलकर शायद.”

“शायद लिहिलं तर कोण येईल, दीदी?”

ती हसली. तिलाही माणसं हवीच होती. ‘रिपोर्ट मिळणार नाही’ हे वाक्य आम्ही खाली टाकलं, सर्वांत लहान अक्षरात. औषधाच्या कंपन्या असं करतात म्हणून मी एकेकाळी मोर्चा काढला होता.

शिबिर गढ्यातल्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी भरलं. रांगा मीच आखल्या. तंबाखू खाणाऱ्यांना लाल कार्ड, न खाणाऱ्यांना हिरवं. कागदावरची योजना अशी होती की दंतवैद्याने प्रत्येकाचं तोंड टॉर्च मारून बघायचं आणि मगच लाळ घ्यायची. पण दंतवैद्य एकच होता, त्याला एक वाजता जायचं होतं, आणि अकरालाच रांग रस्त्यावर गेली. मी म्हटलं, हिरव्यांचं तोंड बघण्यात वेळ कशाला घालवायचा? दंतवैद्याने लगेच मान हलवली. दीदीने एकदा योजनेच्या कागदाकडे पाहिलं, एकदा नमुने ठेवायच्या बर्फाच्या पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, “चलो, ठीक है.” तीन शिकलेल्या माणसांनी अर्ध्या मिनिटात हे ठरवलं.

बाबा लाल रांगेत होते. तोंड तपासून बाहेर आले ते छाती काढूनच.

“पाहून घे,” आईला म्हणाले, “माझ्या तोंडात टॉर्च मारून राहिले. व्हीआयपी. तुला तर नुसतं थुंकायला लावलं.”

“तुमच्या तोंडाचे लाड चाळीस वर्षं मीच करून राहिली,” आई म्हणाली. “एक दिवस डॉक्टरला करू द्या.”

रांगेतल्या बायका हसल्या. आई चारचौघांत थुंकायला लाजत होती. भिंतीकडे तोंड करून, पदर आडवा धरून तिने ती नळी भरली. बराच वेळ लागला. आदल्या तासाभरात काही खायचं नाही, दात घासायचे नाहीत असा नियम होता. त्या सकाळी तिने दोनदा मंजन केलं होतं. लोकांत जायचं, तोंडाला वास नको म्हणून. मी पाहिलं होतं. फॉर्मवर त्याही प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिलं.

बाबांचं तोंड साफ निघालं. दंतवैद्याने त्यांना चांगलं झापलं होतं आणि त्यांनी त्या दिवसापासून तंबाखू सोडली, जी माझ्या दहा पत्रकांनी सुटली नव्हती. घरात गोडाधोडाचं झालं. आम्ही एका माणसाला वाचवलं अशा थाटात मी आठवडाभर वावरले.

पुढच्या उन्हाळ्यात आईच्या तोंडात जळजळ सुरू झाली. आधी तिखटाने, मग साध्या वरणानेही. गालाच्या आत पांढरट चट्टा होता. तिने मला दाखवला नाही, आणि मी दाखव म्हटलं नाही.

“काहून ग,” एका सकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “तुमच्या त्या थुंकीच्या तपासणीचं काही आलं का?”

“काही असतं तर फोन आला असता ना, आई.”

“हो का?”

“अजून नाही आला म्हणजे सगळं ठीक आहे.”

“मग हे गरमीचंच असेल,” असं म्हणून तिने तूप लावलं, मुलेठीची, म्हणजे ज्येष्ठमधाची काडी चघळली.

मला माहीत होतं की रिपोर्ट मिळणार नाही. ते वाक्य मी स्वतः बारीक अक्षरात बसवलं होतं. तरी मी तिला हे म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नाही. माझं पत्रक इतके दिवस ओरडून ओरडून मीच त्याच्यावर विश्वास ठेवू लागले होते. हेच मी किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. दोनदा तर नक्की. पावसाळा गेला, दिवाळी गेली. ती पोळीचे तुकडे बारीक करायला लागली. नंतर तर पोळी वरणात भिजवूनच खायची. दात कमकुवत झाले म्हणायची. तोंड पूर्ण उघडत नाही हे ती कुणाला सांगत नव्हती, आणि तिच्यासमोर रोज जेवणारे आम्ही दोघं पाहत नव्हतो.

गाठ बाबांना दिसली. मंगळसूत्र एका बाजूने उचलल्यासारखं का दिसतं, असं ते म्हणाले. मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती, हाताला कडक लागणारी.

दवाखान्यात डॉक्टरने तिच्या तोंडात दोन बोटं उभी घालून पाहिली. ती गेली नाहीत.

“तंबाकू खाती हो, अम्मा?”

“नहीं.”

“गुटखा, सुपारी?”

“कभी नहीं. बस मंजन करती हूँ.”

“कौन सा मंजन?”

आईने नाव सांगितलं. सरळ, भाजीचं नाव सांगावं तसं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे न बघता आमच्याकडे पाहिलं.

“घर में कोई पढ़ा-लिखा नहीं है क्या?”

“ये है ना,” बाबा म्हणाले. “तंबाकू के खिलाफ परचे लिखती है.” त्यांना टोमणा मारायचा नव्हता. ते फक्त उत्तर देत होते.

तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. गाल, जबड्याच्या हाडापर्यंत, आणि मानेतही. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्याआधी मला एक गोष्ट हवी होती. शिबिराच्या दिवशी तिच्या त्या नळीत खूण होती की नव्हती? होती तर तेव्हा आई वाचण्यासारखी होती का? मी दीदीला फोन केला. ती म्हणाली, नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. नाव आणि नंबर जोडून बघायचा तर ज्याचा नमुना त्याचं लेखी पत्र लागेल.

आईने सही केली. “काय निघालं ते मला पण सांगजो,” म्हणाली.

प्रयोगशाळा म्हणजे मला काहीतरी मोठं वाटलं होतं. एक लांब खोली होती, कोपऱ्यात घरघरणारे दोन फ्रीझर, आणि टेबलावर दीदीचा लॅपटॉप. तिने रजिस्टर उघडलं, नंबर शोधला. हिरवा गट. मग पडद्यावर आकड्यांचे उभे-आडवे रकाने आले. ती ते वर-खाली सरकवत राहिली.

“दीदी, जे आहे ते सांगा.”

“तुम्हारी माँ का सैंपल हमने हटा दिया था.”

“हटा दिया म्हणजे?”

तिने पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस, प्रत्येक रकाना म्हणजे एक मायक्रोआरएनए. कॅन्सरच्या रुग्णांत जे दोन-तीन तुकडे वाढलेले दिसत होते, ते आईच्या ओळीतही वाढलेले होते. हिरव्या गटात असा एकच नमुना निघाला. निरोगी, तंबाखूला न शिवलेल्या बाईत हे कसं, म्हणून त्यांनी त्या नंबरचा, नाव नसलेला फॉर्म पाहिला. फॉर्मवर ‘नाही’ होतं. तोंडाच्या तपासणीचा रकाना रिकामा होता. तेव्हा नमुनाच बिघडला असणार, घेताना काही चुकलं असणार, असं ठरवून ती ओळ गाळली. निरोगी लोकांचं माप त्यांना स्वच्छ हवं होतं.

“म्हणजे खूण होती.”

“ऐसा नहीं कह सकते,” ती म्हणाली. आता तीही माझ्याकडे बघत नव्हती. “लार में खून मिला हो तो भी ये बढ़ जाते हैं. मसूड़ों से खून आता होगा, मंजन से. या सच में बीमारी का होगा. एक आदमी के एक नंबर से कोई नहीं बता सकता. इसीलिए तो ये अभी जाँच नहीं है.”

“फोन तरी करायचा होता. येऊन तोंड बघा, एवढंच.”

“किसको करते? नियम ही ऐसा है कि नाम न देखें.”

मी तिच्यावर खूप ओरडले. लोकांची थुंकी गोळा करता, रक्त गोळा करता, फ्रीझर भरता, पेपर छापता, आणि ज्याच्या तोंडातून घेतलं त्याला साधी हाक मारायची सोय ठेवत नाही. तुमच्यासाठी ती एक ओळ होती, आकडे गोड दिसावेत म्हणून पुसून टाकलेली. हे सगळं आजही मला खरं वाटतं आणि यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. दीदीने ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते. मग तिने रजिस्टरमध्ये ठेवलेला मूळ फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवला, बोट लावून काही दाखवलं नाही. अक्षर माझंच होतं, मोठं, सुटसुटीत, पत्रकासारखं.

घरी आल्यावर आईने विचारलं. मी म्हटलं, अजून शोधून राहिले आहेत.

ऑपरेशनमध्ये उजवा जबडा, गालाचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. छातीची कातडी वर ओढून गाल शिवला. मग रेडिएशन, ज्याला इथे सगळे सिकाई म्हणतात. सिकाईच्या दिवसांत तिची चव गेली, लाळ गेली. तोंड इतकं कोरडं पडायचं की जीभ टाळूला चिकटायची आणि चमच्याने पाणी घालून सोडवावी लागायची. या सगळ्यात मी गट सोडला. कुणी काढलं नाही. मित्र घरी आले, म्हणाले, तुझीच गोष्ट लिही, लोकांना पटेल, बायकांचं गुडाखू हा विषय कुणी घेतलेला नाही. बरोबर होतं त्यांचं. मी त्यांना चहा दिला आणि जायला सांगितलं.

थोडे महिने ती बरी होती, म्हणजे बसायची, टीव्ही बघायची, बाबांवर हाताने खेकसायची. मग मानेत शिवणीच्या खाली पुन्हा गाठ आली. डॉक्टरने स्कॅनचे फोटो पाहिले आणि या वेळी बाबांना नाही, मला बाजूला घेतलं. आता कापण्यासारखं काही नाही, म्हणाले. दुखणं कमी करता येईल. घरी ठेवा, नळीने खाऊ घाला. मी विचारलं, वर्षभर आधी आलो असतो तर? ते म्हणाले, “बेटा, ये मत पूछो.” मी त्यांना हे विचारायला नको होतं, कारण उत्तर मला त्यांच्या आवाजात कळलं.

गेल्या आठवड्यात दुपारी मी आईला सांगितलं. बाबा औषधं आणायला गेले होते. तिचं बोलणं आता आम्हा दोघांनाच समजतं, बाकीच्यांना नुसता आवाज वाटतो. मी सगळं सांगितलं: रंगीत कार्डं, रिकामा रकाना, तिचे वाढलेले आकडे, ती गाळलेली ओळ. आणि ‘नाही’ मी लिहिलं होतं, तुला न विचारता, हेही. ती ऐकत होती. मधे एकदा तिने हात वर केला, मला वाटलं थांब म्हणते आहे, पण तिला उशी सरकवून हवी होती.

मग म्हणाली, हळूहळू, शब्द शब्द जमवत, “विचारलं असतं तू, तरी मी नाहीच म्हटली असती.”

मी तिचे ओठ ओल्या बोळ्याने पुसले.

“मला वाटे ते मंजनच आहे.”

तिने हे मला सोडवण्यासाठी म्हटलं की खरं होतं म्हणून, मला कळत नाही. दोन्ही असेल. माझ्यासाठी दोन्ही सारखंच वाईट आहे. तिने ‘नाही’ म्हटलं असतं हे खरं, पण घरात रोज डोळ्यांसमोर पाहणारी एक माणूस होती जिला ‘हो’ म्हणता आलं असतं, आणि तिचं तर कामच ते होतं.

“दुखतंय का?” मी विचारलं.

तिने मान हलवली. हो. औषधाला अजून अर्धा तास होता. मी तिला तसं सांगितलं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. बाबा फाटक उघडून आत आले, पिशवी ठेवली, मला खुणेने विचारलं, झोपली का? मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसून अर्धा तास जाण्याची वाट बघत राहिलो.